एनएचएल न खेळता कोच होता येतं का? एका डिफेन्समनच्या वडिलांना उत्तर

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा १४ वर्षांचा, आइस हॉकीच्या ट्रिपल-ए, म्हणजे त्या वयोगटातल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या, संघात डिफेन्स (बचावफळीत) खेळतो. संघाचा कोच म्हणाला, ‘याला खेळ दिसतो, हा पुढे चांगला कोच होईल.’ तेव्हापासून मुलाचं ठरलं आहे, आधी प्रोफेशनल खेळायचं आणि नंतर कोच व्हायचं. वडिलांचे प्रश्न तीन आहेत. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी हॉकी लीग, खेळल्याशिवाय मोठा कोच होता येतं का? डिफेन्समनला कोच होताना खरंच काही जास्तीचं मिळतं का? आणि या नादात शिक्षण मागे पडलं तर?

मी ओंटारिओत बरीच वर्षं मायनर हॉकीत (लहान मुलांच्या संघांत) डिफेन्सच्या मुलांना शिकवते आहे, त्यामुळे असं बोलणं आईवडिलांकडून पुष्कळ ऐकलं आहे. या तीन प्रश्नांच्या खाली चौथा प्रश्न असतो आणि तोच खरा असतो. मुलगा वर पोचलाच नाही, तर पहाटेच्या प्रॅक्टिस, दर हंगामाचे हजारो डॉलर, शनिवार-रविवारचे लांबचे प्रवास हे सगळं पाण्यात गेलं म्हणायचं का? मी मुख्यतः त्याचंच उत्तर देते आहे, बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यातच येतील.

आधी, काय सांगता येत नाही ते. १४ व्या वर्षी मुलाची उंची थांबलेली नसते, ताकद आलेली नसते, आणि डिफेन्समन फॉरवर्डपेक्षा (आक्रमण करणाऱ्या खेळाडूपेक्षा) उशिरा पिकतो. या वयात जो संघातला सगळ्यात भारी मुलगा असतो तो बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेला असतो. त्यामुळे तुमचा मुलगा कुठवर जाईल हे व्हिडिओ पाहून मी सांगणार नाही, आणि कोणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. घरची परिस्थिती, दुखापती, पुढची दोन-तीन वर्षं कोणता कोच मिळतो, या सगळ्यावर ते ठरतं. कोचिंगबद्दल मात्र जरा जास्त खात्रीनं बोलता येतं, कारण त्या रस्त्यावरून गेलेली माणसं आपल्यासमोर आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. स्टॅनले कप म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. त्याची २०२२ ची फायनल आठवा. एका बेंचवर टॅम्पा बेचा जॉन कूपर, लागोपाठ दोन वर्षं कप जिंकलेला. दुसऱ्या बेंचवर कोलोरॅडोचा जॅरेड बेडनार. दोघांपैकी एकही एनएचएलचा एक सामनासुद्धा खेळलेला नाही. कूपर तर वकिली सोडून कोचिंगमध्ये आलेला. त्याही आधी, नऊ वेळा हेड कोच म्हणून कप जिंकणारा स्कॉटी बोमन हाही कधी एनएचएल खेळला नाही. तेव्हा ‘खेळल्याशिवाय कोच नाही’ असा नियम मुळीच नाही.

तुमच्या मुलाच्या दृष्टीनं यातला बेडनार महत्त्वाचा, कारण तो डिफेन्समन होता. सॅस्कॅचवानच्या यॉर्कटनमध्ये १९७२ साली जन्मला, पश्चिम कॅनडात ज्युनिअर (साधारण १६ ते २० वयाच्या मुलांची हॉकी) खेळला, आणि एनएचएलच्या कुठल्याही संघानं त्याला कायमचं जवळ केलं नाही. त्याची कारकीर्द बहुतेक ईसीएचएलमध्ये गेली, म्हणजे एनएचएलच्या दोन पायऱ्या खाली. अधूनमधून वरच्या पायरीवर, सेंट जॉन्स, ग्रँड रॅपिड्स, रॉचेस्टर अशा संघांत. ईसीएचएल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायला हवं. तिथे आठवड्याला काहीशे डॉलर मिळतात, हंगामापुरतं राहायला घर संघ देतो, आणि प्रवास बसनं, रात्रभर. एनएचएलमध्ये २०२५-२६ चा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. दोन्ही ‘प्रोफेशनल हॉकी’च. तुमचा मुलगा ‘प्रोफेशनल खेळणार’ म्हणतो तेव्हा यातलं कुठलं, हे एकदा शांतपणे त्याच्याशी बोला. घाबरवण्यासाठी नाही, चित्र पूर्ण असावं म्हणून.

साउथ कॅरोलिना स्टिंगरेज या ईसीएचएल संघाकडून बेडनार १९९७ आणि २००१ मध्ये केली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकला. २००२ मध्ये, तिशीत, त्यानं खेळणं थांबवलं आणि त्याच संघात असिस्टंट कोच झाला. तिथे पाच वर्षं असिस्टंट, मग हेड कोच, आणि २००९ मध्ये कोच म्हणून तोच केली कप. मग वरची पायरी, एएचएल: ॲबट्सफर्डला असिस्टंट, पिओरियाला हेड कोच, पुन्हा स्प्रिंगफील्डला असिस्टंट आणि तिथेच हेड कोच. हे परत परत असिस्टंट होणं मी मुद्दाम सांगते आहे. एकदा हेड कोच झालेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली गेला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला असता तर पुढचं काही घडलं नसतं. २०१६ मध्ये क्लीव्हलंडच्या लेक एरी मॉन्स्टर्सला त्यानं काल्डर कप, म्हणजे एएचएलचं विजेतेपद, जिंकून दिलं. त्या संघात मिशिगन विद्यापीठातून नुकताच आलेला झॅक वेरेन्स्की नावाचा १८ वर्षांचा डिफेन्समन होता. एवढ्या कोवळ्या मुलाला फायनलच्या दबावात बर्फावर ठेवायचं आणि सांभाळायचंही, हे डिफेन्सच्या कोचचं फार नाजूक काम असतं.

त्याच ऑगस्टमध्ये पॅट्रिक रॉयनं कोलोरॅडोचं कोचपद अचानक सोडलं आणि ट्रेनिंग कॅम्पला थोडेच आठवडे उरलेले असताना बेडनारला बोलावणं आलं. वय ४४. पहिला हंगाम भयानक गेला: ८२ सामन्यांत २२ विजय, फक्त ४८ गुण. संघानं त्याला ठेवलं. पुढच्या हंगामात ९५ गुण आणि प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या). २०२२ मध्ये कप. केली कप, काल्डर कप आणि स्टॅनले कप हे तिन्ही हेड कोच म्हणून जिंकणारा तो पहिला माणूस. खेळणं थांबवल्यापासून एनएचएलच्या बेंचपर्यंत १४ वर्षं लागली, कपपर्यंत २०.

आता दुसरा प्रश्न, डिफेन्समनला काय जास्तीचं मिळतं. बर्फावर फॉरवर्डचं तोंड बहुतेक वेळा विरुद्ध गोलकडे असतं, निम्मा खेळ त्याच्या पाठीमागे घडतो. डिफेन्समन मात्र मागे सरकत, उलटं स्केटिंग करत, अख्खा खेळ समोरून येताना पाहतो. विरुद्ध संघाचे पाचजण आणि आपले तीन फॉरवर्ड, सगळे नजरेसमोर. शिवाय फॉरवर्ड चुकला तर मागे सावरायला कोणी असतं, डिफेन्समन चुकला तर मागे फक्त गोली. त्यामुळे त्याला सतत आधीचा विचार करावा लागतो.

माझ्या प्रॅक्टिसमधलं उदाहरण देते. कोपऱ्यातला पक (हॉकीची रबरी चकती) आणायला जाताना मुलानं दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचं असतं, पक हाताला लागण्याच्या आधी. मी ड्रिल मध्येच थांबवते आणि विचारते, ‘तुझ्यामागून किती आले? त्यांचा तिसरा फॉरवर्ड कुठे आहे?’ काही मुलं पक उत्तम काढतात पण सांगू शकत नाहीत. काहींचे पाय अजून हळू असतात, पण उत्तर बरोबर येतं, वर ‘आणि आपला सेंटर उशिरा खाली आला’ हेही सांगतात. तुमचा कोच ‘याला खेळ दिसतो’ म्हणाला ते बहुधा अशाच कशावरून म्हणाला असेल.

तसंच पिंचचं. विरुद्ध ब्लू लाइनवर (विरुद्ध संघाच्या भागाच्या सीमारेषेवर) उभा असताना पक भिंतीच्या कडेनं बाहेर यायला लागला की पुढे झेपावून अडवायचा की मागे सरकायचं, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तो डिफेन्समनच्या एकट्याच्या हिमतीवर अवलंबून नसतो. आपला तिसरा फॉरवर्ड वर थांबला असेल तर जायचं, तो खाली गुंतला असेल तर नाही जायचं. म्हणजे आपण काय करायचं ते दुसरा कुठे आहे यावरून ठरतं. दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात, आपला बेंच आपल्या गोलपासून लांब जातो, आणि दमलेल्या डिफेन्समनला बदली होऊन बाहेर पडणं अवघड होतं. ज्याला हे आधी कळतं तो पक नुसता बाहेर न टाकता खोलवर टाकतो, म्हणजे पाचहीजणांना बदलायला वेळ मिळतो. ही कोचचीच विचार करण्याची पद्धत झाली. डिफेन्स खेळणाऱ्या मुलाला ती रोज वापरावी लागते, म्हणून ती लवकर अंगी भिनते.

पण एवढ्यावर कोच होत नाही. दिसणं एक, आणि जे दिसलं ते दुसऱ्याला करता येईल असं सांगणं वेगळं. इथे मोठे मोठे खेळाडूही अडतात, म्हणून लॅरी रॉबिन्सनची गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा.

रॉबिन्सन ओटावाजवळच्या मार्व्हलव्हिल गावातल्या दूधदुभत्याच्या शेतावर वाढला. लहानपणी फॉरवर्ड खेळायचा, ज्युनिअरमध्ये डिफेन्सवर आला. १९७१ मध्ये मॉन्ट्रियलनं त्याला विसाव्या क्रमांकावर निवडलं, पण वरच्या संघात जागा नव्हती. दीड हंगाम हॅलिफॅक्सला, नोव्हा स्कोशिया व्हॉयेजर्सकडे काढला. वर आल्यावर मात्र खेळाडू म्हणून सहा स्टॅनले कप, दोन नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम डिफेन्समनचा पुरस्कार), १९७८ मध्ये प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ. १९७६-७७ च्या हंगामात मॉन्ट्रियल ८० पैकी फक्त ८ सामने हरलं आणि रॉबिन्सनचा प्लस-मायनस (तो बर्फावर असताना आपल्या संघाचे गोल वजा विरुद्ध संघाचे गोल, असा साधारण हिशेब) होता अधिक १२०. कारकिर्दीच्या बेरजेत आजही तो एनएचएलमध्ये सगळ्यांच्या वर आहे. शेवटची तीन वर्षं लॉस एंजेलिसला खेळून १९९२ मध्ये थांबला.

एवढं नाव असूनही त्यानं सुरुवात असिस्टंट म्हणून केली. १९९३ मध्ये न्यू जर्सीला, आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या, जाक लमेअरच्या हाताखाली. काम डिफेन्सचं. स्कॉट स्टीव्हन्स, केन डेनिको आणि तरुण स्कॉट नीडरमायर त्याच्याकडे होते. १९९५ मध्ये कप आला आणि लगेच लॉस एंजेलिसनं त्याला हेड कोच केलं. तिथल्या पहिल्याच हंगामात वेन ग्रेट्स्की दुसऱ्या संघाकडे गेला. चार हंगामांत प्लेऑफ एकदाच, आणि तिथेही पहिल्याच फेरीत हार. १९९९ मध्ये तो न्यू जर्सीला परतला, पुन्हा असिस्टंट म्हणून.

मार्च २००० मध्ये, साखळीचे आठ सामने उरले असताना, न्यू जर्सीनं हेड कोच बदलला आणि रॉबिन्सनला पुढे केलं. पूर्व विभागाच्या फायनलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध संघ १-३ असा मागे पडला. रॉबिन्सन शांत, सौम्य स्वभावाचा म्हणून सगळ्यांना माहीत. त्या दिवशी त्यानं ड्रेसिंग रूममध्ये कचऱ्याचा डबा लाथाडला आणि खेळाडूंना चांगलंच फैलावर घेतलं. संघानं पुढचे तिन्ही सामने जिंकले, मग डॅलसला सहा सामन्यांत हरवून कप. आईवडील ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, ओरडावंच लागतं. मला त्यातून वेगळंच दिसतं. जो माणूस एरवी आवाज चढवत नाही त्याच्याच ओरडण्याला वजन असतं, आणि ज्या डिफेन्समननी कित्येक महिने त्याच्याकडून बारकावे शिकले होते त्यांना हे ठाऊक होतं की हा आपल्या भल्यासाठी बोलतोय. रोज ओरडणाऱ्या कोचचा डबा कितीही उडाला तरी कोणी मान वर करून पाहत नाही.

पुढेही सरळ चढण नव्हती. २००१ ची फायनल सातव्या सामन्यात हरली, जानेवारी २००२ मध्ये त्याला काढलं. नंतर पुन्हा हेड कोच झाला, आणि डिसेंबर २००५ मध्ये ताणानं तब्येतीवर परिणाम होतोय म्हणून स्वतः पायउतार झाला. पण हॉकी सोडली नाही. बेंचवर मागे उभं राहून डिफेन्सच्या मुलांना शिकवण्याचं काम त्यानं पुढे पुष्कळ केलं, सॅन होजेलाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. हेड कोच होणं म्हणजेच यश असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात डिफेन्सचा असिस्टंट कोच हे स्वतंत्र, पूर्ण काम आहे. सामन्यात जोड्या तो बदलतो, पेनल्टी किल (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असतानाचा बचाव) बहुधा तो बसवतो, आणि वीस वर्षांच्या मुलाशी चुकीनंतर बेंचवर पहिलं वाक्य तोच बोलतो.

फिल हाउसली हेही लक्षात ठेवण्यासारखं नाव. डिफेन्समन असून १,४९५ सामन्यांत १,२३२ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), हॉल ऑफ फेममध्ये. खेळणं थांबल्यावर तो मिनेसोटात एका हायस्कूलच्या संघाला शिकवायला लागला आणि बरीच वर्षं तिथे राहिला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या वीस वर्षांखालील संघाला जागतिक सुवर्ण मिळवून दिलं, मग नॅशव्हिलला असिस्टंट, मग बफेलोला हेड कोच. बफेलोत दोन हंगाम, प्लेऑफ नाही, नोकरी गेली. खेळातलं नाव बेंचवर पहिल्या दिवशी मान मिळवून देतं, दुसऱ्या दिवशी विचारलं जातं ते ‘आम्ही काय करू ते सांग’.

इथपर्यंतचं थोडक्यात: एनएचएल खेळणं अट नाही. डिफेन्समनची नजर उपयोगी आहे. पण बेडनार, रॉबिन्सन आणि हाउसली, तिघांनाही बेंचवरचं शिक्षण वेगळं घ्यावं लागलं, मग पाठीशी शून्य सामने असोत की दीड हजार.

आता एक गोष्ट जी मुलाला थेट सांगा. ‘खेळाडू म्हणून नाही जमलं तर कोच होईन’ हा हिशेब उलटा आहे. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येक संघ सामन्याला साधारण सहा डिफेन्समन उतरवतो, म्हणजे १९२ जागा. हेड कोचच्या जागा ३२. वर जाणं कोचसाठी जास्त अवघड आहे. पण खाली, एएचएल, ईसीएचएल, ज्युनिअर, विद्यापीठं, मायनर हॉकी, तिथे चांगल्या कोचची गरज कायम असते, आणि तिथलं काम कमी दर्जाचं नाही. बेडनार पहिला कोच झाला तो तिथेच.

शिक्षणाचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे, आणि पुष्कळ पालकांना हे अजून ठाऊक नाही. आधी ओंटारिओच्या ओएचएलसारख्या मेजर ज्युनिअर, म्हणजे ज्युनिअरमधल्या सगळ्यात वरच्या, लीगमध्ये खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचं दार बंद व्हायचं. त्यामुळे १५-१६ व्या वर्षीच एक रस्ता निवडावा लागायचा. कॅलगरीचा केल माकार त्या दारासाठीच मेजर ज्युनिअरला न जाता अल्बर्टाच्या ब्रुक्स बँडिट्सकडे खेळला, मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं. एप्रिल २०१९ मध्ये तो थेट एनएचएलच्या प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. २०२२ मध्ये बेडनारच्या संघात नॉरिस आणि कॉन स्माइथ दोन्ही त्यालाच. तो बंदीचा नियम बदलला: १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअर खेळलेली मुलंही एनसीएएमध्ये खेळू शकतात. शिवाय ओएचएलमध्ये खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात पुढच्या शिक्षणाचा खर्च मिळण्याची सोय असते. करार हातात आला की त्या कलमाच्या अटी आणि मुदत नीट वाचा, हवं तर वकिलाकडून वाचून घ्या. आणि शाळेतले गुण सांभाळा, कारण विद्यापीठाच्या कोचला मुलगा आवडूनही प्रवेश गुणांवर अडतो. कोच व्हायचं असेल तर शिक्षण आडवं येत नाही. शरीर कसं चालतं, किशोरवयीन मुलाचं मन कसं चालतं, आकडे कसे वाचायचे, हे कोचला रोज लागतं.

या हंगामात घरी काय करता येईल ते सांगते. सामन्यानंतर गाडीत त्याच्या चुकांवर बोलू नका. तो स्वतः बोलायला लागला तर एकच विचारा, ‘त्या वेळी तुला काय दिसलं?’ जमेल तेव्हा त्याला ज्युनिअरचा सामना उंचावरच्या सीटवरून दाखवा आणि सांगा, आज पक पाहायचा नाही, एकाच डिफेन्समनकडे पाहायचं, विशेषतः पक त्याच्याजवळ नसताना. आणि तुमच्या असोसिएशनला विचारा की लहान मुलांच्या प्रॅक्टिसला मदतनीस म्हणून त्याला घेतील का. आठ वर्षांच्या मुलाला पुढून मागे वळून उलटं स्केटिंग शिकवताना त्याला कळेल की आपण जे सहज करतो ते शब्दांत सांगणं किती अवघड आहे. ते त्याला आवडलं, पुन्हा जावंसं वाटलं, तर कोचिंगचं बोलणं खरं आहे. कंटाळला तरी बिघडलं नाही, त्यानं आपलं खेळावं. पुढे हॉकी कॅनडाचे कोचिंगचे सर्टिफिकेट कोर्स टप्प्याटप्प्यानं करता येतात, आणि मुलांबरोबर काम करायचं तर रिस्पेक्ट इन स्पोर्ट हा कोर्सही लागतो. त्याची आत्ता घाई नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला एव्हाना मिळालं असेल. वर्षं वाया जात नाहीत, पण ती नजर कमावण्यात गेली तर. नुसती एका ट्रायआउटमधून (निवड चाचणीतून) दुसऱ्या ट्रायआउटकडे पळण्यात गेली तर हाती फार काही उरत नाही, आणि तसं पळणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

मुलाच्या कोचला पुढच्या भेटीत एवढं विचारा की ‘खेळ दिसतो’ म्हणजे नेमकं काय दिसतं: पहिला पास, अंतर राखणं, पिंचचा निर्णय, की सहकाऱ्याला वेळेवर हाक मारणं? ते मला कळवा, त्यावरून त्याला घरच्या घरी करण्यासारखी ड्रिल सुचवते.